सोलापुरातल्या घरातली बुरशी: आधी पाणी शोधा, मग भिंत वाळवा, रंगाचं सगळ्यात शेवटी

कोकणात भिंतीला बुरशी आली तर पावसाला बोल लावता येतो. सोलापुरात ती सोय नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, पावसाचा जोर असतो तो सप्टेंबरमध्ये, आणि उरलेलं बरंचसं वर्ष हवा कोरडीठाक. तरीही पूर्व भागातल्या दोन खोल्यांच्या घरांपासून जुळे सोलापुरातल्या फ्लॅटपर्यंत कपाटामागे काळे ठिपके, माळ्यावरच्या गाद्यांना कुबट वास आणि न्हाणीलगतच्या भिंतीचे पोपडे सर्रास दिसतात. इथली बुरशी आभाळातल्या पाण्यापेक्षा घरातल्या पाण्यावर पोसते. नळ रोज येत नाही, म्हणून हौद, बॅरल आणि गच्चीवर टाकी. उन्हाळाभर कूलर. शिवाय खाली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जोत्याला, पाइपांच्या सांध्यांना तडे देत राहते.

म्हणून बुरशीवर औषध कोणतं मारायचं, हा पहिला प्रश्न नव्हे. पाणी कुठून येतंय, हा पहिला प्रश्न. ते सापडेपर्यंत केलेली साफसफाई महिना-दोन महिने टिकते आणि रंगाचे पैसे पाण्यात जातात.

आधी खात्री करा: बुरशी, खार की काजळी?

भिंतीवर पांढरा, कापसासारखा थर दिसला की लोक बुरशी म्हणतात. सोलापुरात बऱ्याचदा तो खार असतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातले किंवा विटा-मातीतले क्षार ओलीबरोबर पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडालं की मागे राहतात. त्यावर पाण्याचा फवारा मारा. खार विरघळून दिसेनासा होतो, बुरशी ओली होते पण राहते. खार बोटांत चुरडला की करकरतो, बुरशी माखते.

काळा डाग देवघराच्या वर किंवा गॅसच्या बाजूला असेल तर काजळीची शक्यता धरा. पाण्यात थोडं ब्लीच मिसळून त्याचा एक थेंब डागावर टाका आणि दोन मिनिटं थांबा. डाग फिका पडला तर बहुधा बुरशी, काळाच राहिला तर काजळी किंवा मळ.

खार आणि बुरशीची सफाई एकमेकींच्या उलट आहे, म्हणून हा फरक कळायला हवा. खार कोरडाच, ताठ ब्रशनं झाडून गोळा करायचा. पाण्यानं धुतला तर विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो. बुरशी मात्र कोरडी कधीच घासायची नाही, कारण तिचे बीजाणू धुळीसारखे घरभर पसरतात. अर्थात खार दिसला याचा अर्थही भिंतीत पाणी आहे, त्यामुळे पुढचा तपास टळत नाही.

बुरशी कोणत्या जातीची आहे, याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेण्यात पैसे घालू नका. काळी म्हणजे विषारी आणि हिरवी म्हणजे साधी, असं काही नसतं. कोणतीही असली तरी काढायचीच आहे.

पाण्याचा माग

ओल भिंतीत कुठे दिसते, यावरून अर्धा तपास होतो. जमिनीपासून वर साधारण मीटरभर पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला खाराची रेघ असेल तर पाणी पायातून चढतंय. छताच्या कोपऱ्यात किंवा पंख्याच्या हुकाभोवती गोल डाग असेल तर गच्ची. भिंतीच्या मध्येच, न्हाणी-संडासच्या पलीकडे डाग असेल तर नळ किंवा फरशीचे सांधे. फक्त कपाटामागे, पडद्यामागे, कोपऱ्यात पातळ ठिपके असतील आणि गिलावा टणक असेल तर खोलीतल्या दमट हवेचं काम.

शंका असेल तिथे प्लॅस्टिकची परीक्षा करा. दीड फूट बाय दीड फूट जाड, पारदर्शक प्लॅस्टिक भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि २४ तास ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले किंवा तिथली भिंत गडद झाली तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दव जमलं तर हवा दमट आहे. दोन्हीकडे कोरडं असेल तर ती ओल जुनी आहे आणि मूळ कारण बहुधा बंद झालेलं आहे.

आता एकेक जागा तपासा.

गच्चीवरची टाकी. नळ किंवा मोटर चालू करून ती भरून वाहते का, ते स्वतः वर जाऊन पाहा. फ्लोट व्हॉल्व्हवर क्षार बसून तो नीट बंद होत नाही, हा इथला नेहमीचा दोष. ओव्हरफ्लोचा पाइप टाकीच्या बुडाशीच सोडलेला असेल तर प्रत्येक वेळी तेच पाणी स्लॅबवर साचतं. पाइप थेट पाणी उतरण्याच्या तोंडापर्यंत न्या. टाकी सपाट गच्चीवर टेकवलेली असेल तर खालची जागा कधीच वाळत नाही. ती मजबूत चौथऱ्यावर उचलून घ्या. चौथरा भिंतीच्या किंवा तुळईच्या वर येईल असा बांधा, कारण हजार लिटरच्या टाकीत एक टन पाणी असतं.

हौद. घराच्या भिंतीला लागून जमिनीत बांधलेला हौद हा सगळ्यात दुर्लक्षित चोर आहे. रात्री भरून पातळीची खूण करा, बारा तास मोटर लावू नका. पाणी खाली गेलं तर आतून प्लॅस्टर फुटलं आहे. तो कोरडा करून, तडे उघडून, आतून पिण्याच्या पाण्याला चालणारा वॉटरप्रूफ थर दिल्याशिवाय शेजारच्या खोलीची ओल थांबणार नाही.

न्हाणी. जाळीच्या भोकात कापडाचा बोळा घट्ट बसवून फरशीवर इंचभर पाणी साठवा. शेजारी एका परातीत तेवढंच पाणी ठेवा. २४ तासांनी दोन्हींची तुलना करा. परातीतलं पाणी बाष्पीभवनानं जेवढं उतरलं त्याहून फरशीवरचं जास्त उतरलं असेल तर ते खाली किंवा भिंतीत झिरपतंय. बऱ्याचदा फरश्यांच्या सांध्यांतलं ग्राउट खरवडून नवं भरलं की काम भागतं. नाही भागलं तर फरशी काढावी लागते, त्याला इलाज नाही.

गच्चीचा स्लॅब. उतार दर मीटरला साधारण एक सेंटीमीटर हवा. पाऊस थांबल्यावर तासाभरानं कुठे डबकं उरतं, ते खडूनं आखून ठेवा. तडे साधारण सेंटीमीटरभर रुंद आणि तेवढेच खोल उघडून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरायचे, गच्ची आणि कठड्याच्या कोपऱ्यात गोलसर वाटा मारायचा आणि मग जाळी घालून वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेनं. इथलं काम बिघडतं ते उन्हानं. मे महिन्यात दुपारी तापलेल्या स्लॅबवर थर दिला की मिनिटांत पाणी उडून तो भेगाळतो. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा. खोलीच्या आतून छताला वॉटरप्रूफ पुट्टी लावण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पाणी तिच्यामागे साचतं आणि सळ्या गंजतात. छतातून तपकिरी डाग उतरत असतील किंवा काँक्रीटचे टवके पडून सळ्या दिसत असतील, तर तो विषय बुरशीच्या पुढे गेला. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

पायाची ओल. गल्लीचा रस्ता दर काही वर्षांनी काँक्रीटनं उंच होतो आणि जोतं रस्त्याच्या खाली जातं; मग पाणी भिंतीला टेकून उभं राहतं. बाहेरून भिंतीलगत उताराची पट्टी आणि वाहतं गटार करणं हा पहिला उपाय. पक्क्या विटांच्या भिंतीत जमिनीपासून सुमारे १५ सेंटीमीटरवर, १२ मिलिमीटर व्यासाची भोकं दर १२ सेंटीमीटरला पाडून ओलरोधक रसायन भरता येतं. जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या भिंतीत याचा उपयोग होत नाही, कारण आत पोकळ्या असतात. तिथे सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेघेच्या वर फूटभरापर्यंत काढून चुन्याचा गिलावा करा. चुना श्वास घेतो. सिमेंट ओल आत कोंडतं आणि ती आणखी वर चढते. अशा वाड्यांना सिमेंटनं लिंपून ओलीला आमंत्रण देण्याचं काम गेली कित्येक वर्षं चालू आहे.

खोलीतली दमट हवा आणि कूलर

काहीशे रुपयांना मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि कपाटाच्या मागे ठेवा. आकडा सतत ६० टक्क्यांच्या वर असेल तर बुरशीला तेवढं पुरतं. ३० ते ५० मध्ये असेल तर उत्तम.

कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळूनच. खोली बंद ठेवून आतच ठेवलेला कूलर रात्रभर तीच हवा फिरवतो. तासाभरानं गारवा जातो, चिकचिक सुरू होते आणि पहाटेपर्यंत गादी, भिंत, पुस्तकं सगळं पाणी पितं. कूलर खिडकीत, बाहेरची हवा ओढणारा हवा, आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार किमान अर्धा फूट उघडं हवं. बंद करण्याआधी शेवटचा अर्धा तास पंप बंद ठेवून फक्त पंखा चालवा, म्हणजे जाळ्या वाळतात. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूच्या डासाचाही त्यात बंदोबस्त होतो. लाकडाच्या तंतूंची गवतजाळी दर मोसमाला बदला. मागच्या वर्षीची जाळी तशीच चालू केली, तर पहिल्याच दिवशी वर्षभराची बुरशी खोलीत फुंकली जाते. हनीकोंबच्या जाळीवर क्षारांचा थर बसतो; सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून धुवा.

स्वयंपाकघराचाही वाटा असतो. एक किलो गॅस जळताना साधारण दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात सुटतं, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे सुमारे २२ लिटर. एक्झॉस्ट पंखा भाजीला फोडणी देताना लावतात, पण पाणी तापवताना आणि कुकर लावताना तो तितकाच लागतो. सप्टेंबरात कपडे घरात वाळत घालावेच लागले तर एकाच खोलीत घाला, तिची खिडकी उघडी आणि आतल्या बाजूचं दार बंद ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा. शहाबादी फरशीवर थेट अंथरलेली गादी रोज सकाळी उचलून उभी करा.

सफाई

तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा लहान डाग घरच्या घरी काढता येतो. त्याहून मोठा असेल, किंवा गिलावाच काढायचा असेल, तर गवंडी-पेंटर लावा. पण खाली दिलेल्या अटी त्यालाही लागू. कोरडा पत्रा घेऊन भराभर खरवडणारा पेंटर एका दुपारीत घरभर बीजाणू पसरवतो.

सफाईच्या दिवशी लहान मुलं, गरोदर बाई, दमेकरी आणि म्हातारी माणसं यांना त्या घरात ठेवू नका. करणाऱ्यानं एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि चष्मा घालायचा. तोंडाला बांधलेला रुमाल चालत नाही. पंखा बंद. आतल्या दारावर प्लॅस्टिक, बाहेरची खिडकी उघडी.

१. डागावर साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा आणि पाच मिनिटं थांबा.

२. फरशी, टाइल, धातू, ऑइलपेंट अशा न शोषणाऱ्या जागी कपडे धुण्याच्या पावडरच्या पाण्यानं घासा आणि फडक्यानं पुसून घ्या. बहुतेक काम इथेच संपतं. डाग राहिला तर साध्या पाण्यानं पुसून मग ब्लीच.

३. ब्लीचचं प्रमाण: एक लिटर पाण्यात ६० मिलिलिटर घरगुती ब्लीच. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरणार असाल तर लिटरला १० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या बादलीत, निवळी बसल्यावर वरचं स्वच्छ पाणी घ्या. दहा मिनिटं ठेवून पुसा. द्रावण रोज ताजं करा. आपल्याकडच्या उन्हात ब्लीचची ताकद लवकर उतरते.

४. डिस्टेंपर, पुट्टी, भुसभुशीत गिलावा यांच्या आत बुरशीचे तंतू गेलेले असतात. तिथे ब्लीच वरचा रंग घालवतं, आतलं पाणी वाढवतं आणि बुरशी परत येते. ओलं ठेवूनच पुट्टी खरवडून काढा. गिलावा पोकळ वाजत असेल तर तोही, चांगल्या भागात फूटभर आत जाईपर्यंत.

५. खरवडलेलं सगळं पिशवीत घालून तोंड बांधा आणि मगच खोलीबाहेर न्या. फरशी ओल्या फडक्यानं पुसा, झाडू मारू नका.

ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र कधीही नको. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेततो. बुरशी मारायला धूप, कडुनिंबाचा धूर किंवा कापूर जाळणं हेही बंद करा. धुरानं बुरशी मरत नाही, दमा मात्र बळावतो.

चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. कापसाच्या गादीत आतपर्यंत बुरशी गेली असेल तर ती टाकून द्या. पिंजून आणली तर बुरशी जात नाही, आणि पिंजणाऱ्याच्या छातीत मात्र जाते.

घरच्यांची तब्येत

मेलेले बीजाणूही ॲलर्जी करतात, म्हणून बुरशी मारून भागत नाही, काढावी लागते. बहुतेकांना होणारा त्रास साधा असतो: सकाळी सलग शिंका, नाक चोंदणं, डोळे खाजणं, रात्रीचा कोरडा खोकला. दमेकऱ्याला झटके वाढतात, लहान मुलांची छाती वाजू लागते. खूण एकच पाहा: गावी किंवा पाहुण्यांकडे चार दिवस राहिल्यावर बरं वाटतं आणि घरी परतल्यावर पुन्हा सुरू होतं का? असं असेल तर डॉक्टरांना ते सांगा आणि भिंतीचा फोटो दाखवा. नुसत्या 'सर्दी-खोकला आहे' या तक्रारीवरून हा धागा त्यांच्या हाती लागणार नाही. घर साफ केलं म्हणून दम्याचा पंप (इनहेलर) परस्पर बंद करू नका.

काही जणांच्या बाबतीत वाट पाहायची नसते. दम्याची औषधं नीट चालू असून वारंवार झटके येतात आणि खोकल्यात तपकिरी गुठळ्या पडतात, अशा रुग्णाला अ‍ॅस्परजिलस बुरशीची ॲलर्जी असू शकते. छातीच्या डॉक्टरांकडून रक्ताची आयजीई तपासणी करून घ्यावी. ज्यांना पूर्वी क्षयरोग होऊन गेला आहे, त्यांच्या फुप्फुसातल्या जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढू शकतो. थुंकीतून रक्त पडलं की क्षय उलटला असं धरून जुन्याच गोळ्या सुरू करू नयेत, थुंकीची तपासणी आणि एक्स-रे दोन्ही हवेत. यंत्रमागावर सुताच्या धुळीत किंवा विड्यांच्या तंबाखूत वर्षानुवर्षं काम केलेल्यांची छाती आधीच नाजूक असते. त्यांचं अंथरूण ओलीच्या भिंतीपाशी नको. किमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव बसवलेल्या रुग्णाला तर सफाई होईपर्यंत दुसरीकडेच ठेवा.

२०२१ साली कोविडच्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द घराघरांत पोचला, आणि तेव्हापासून भिंतीवरचा काळा डाग पाहून लोक घाबरतात. तो आजार म्युकरमायकोसिस. त्याची बुरशी माती आणि कुजक्या पाल्यात सगळीकडे असते, आणि ती धरते प्रामुख्यानं साखर फार वाढलेल्यांना किंवा जास्त स्टेरॉइड घेतलेल्यांना. भिंतीवरचे ठिपके म्हणजे तो आजार नव्हे. मात्र मधुमेह्याच्या एका गालाला सूज, नाकातून काळपट स्राव, डोळ्यामागे दुखणं, दिसण्यात फरक, यातलं काही झालं तर त्याच दिवशी सिव्हिल किंवा मोठं रुग्णालय गाठा. मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर झाले असतील, किंवा धापेमुळे वाक्य पुरं होत नसेल तर १०८ ला फोन करा.

ओलीच्या घरात धान्याकडेही पाहा. शेंगदाण्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. ते यकृताला घातक असतं आणि भाजल्यानं पूर्ण जात नाही. सुरकुतलेला, काळपट, कडवट दाणा चटणीत कुटू नका, टाका. पोती भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून फळीवर ठेवा. कडक भाकरी महिनाभर टिकते ती कोरडी असते म्हणून. तीच ओलसर डब्यात ठेवली तर आठवड्यात बुरसते.

रंग केव्हा

पाणी बंद झाल्यावर भिंत वाळायला ढोबळ हिशोबानं जाडीच्या दर इंचाला महिना लागतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात, दोन्ही बाजू उघड्या असतील तर, याहून लवकर वाळते. पण नऊ इंची भिंत पंधरवड्यात वाळली असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आपल्याकडे रंग निघतो दसरा-दिवाळीला, म्हणजे सप्टेंबरच्या पावसानं भिंती वर्षातल्या सगळ्यात ओल्या असतात तेव्हा. त्यावर पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरेपर्यंत फुगे धरतात. गच्ची, हौद, न्हाणी यांची कामं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका, मे महिनाभर खरवडलेली भिंत उघडी ठेवा आणि जूनच्या तोंडावर प्लॅस्टिकची परीक्षा पुन्हा घ्या. कोरडी निघाली तर रंग लावा. दिवाळीलाच हवा असेल तर ओलीचा इतिहास असलेल्या भिंतीला चुन्याचे दोन हात द्या. चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्यावर बुरशी सहजी धरत नाही आणि भिंत वाळत राहते. पीव्हीसीचे पत्रे, वॉलपेपर आणि पीओपीचं खोटं छत अशा भिंतीवर लावूच नका. त्यामागे बुरशी दिसेनाशी होते, एवढंच. रंग कोणताही द्या, पहिला पावसाळा सरेपर्यंत त्या भिंतीला कपाट टेकवू नका.